यशोदेचा वीतभर पदर

लोक काशीला जातात, नाशिकला जातात, निदान महाबळेश्वरला तरी जाऊन येतात. आम्ही टिकल्या आणायला उल्हासनगरला गेलो. परत येऊन सहा महिने झाले तरी आळीतली प्रत्येक बाई मला विचारते, "मग, मुंबई कशी वाटली?" आता काय सांगू? मुंबई आम्ही पाहिलीच नाही. पुण्याहून पॅसेंजरने अंबरनाथला उतरलो, पाच दिवस अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर एवढ्यातच फिरलो आणि तिथूनच माघारी आलो. समुद्र नाही, राणीची बाग नाही. एकेकीला तेच तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून सगळं लिहूनच काढते. ज्यांना हवं त्यांनी वाचावं.

आधी मुळात भानगड काय ते सांगते. आमच्या ह्यांना देवांच्या चित्रांना कपडे घालायचा नाद आहे. छापील चित्र आणायचं, ते मांजरपाटावर खळीने चिकटवायचं, आणि मग सुईने शालूवर खरी जर, दागिन्यांवर खरे मणी, पदरावर टिकल्या टाचत बसायचं. चेहरा, हात आणि पावलं मात्र उघडी ठेवायची, तिथे सुई लावायची नाही, असा नियम. हा उद्योग आमच्याकडे मुली करतात, तोही लग्नाआधी, आणि रुखवतात मांडून मोकळ्या होतात. हे साताऱ्याच्या कचेरीतले हेडक्लार्क, वय वर्षं चौपन्न, आणि दर रविवारी चष्मा, भिंग आणि सुई घेऊन खिडकीत बसतात. पाहुणे आले की मी आधी खिडकीचा पडदा ओढते. हे तो उघडतात आणि पाहुण्यांच्या हातात चित्र देतात.

सध्याचं चित्र यशोदा-कृष्णाचं. नऊ वर्षं चाललेलं. नऊ वर्षांत आमच्या दोन मुलींची लग्नं झाली, घराची कौलं बदलली, देश स्वतंत्र झाला, पण यशोदेचा शालू काही पुरा होईना. शेवटी वीतभर पदर उरला आणि टिकल्या संपल्या. त्या साध्या नव्हेत. पितळी पत्र्याच्या, जराशा खोलगट आणि मोरपंखी झिलईच्या. पुण्याच्या दुकानदाराने हात वर केले. तो माल कराचीहून यायचा म्हणे, फाळणीनंतर बंद झाला. पण गप्प बसेल तर तो दुकानदार कसला! जाता जाता म्हणाला, "कल्याणजवळ कँपात सिंधी लोक येऊन राहिलेत, त्यांच्याकडे जुना माल मिळाला तर मिळाला." ह्यांना तेवढं पुरलं.

घाई डोळ्यांमुळे होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, संक्रांतीनंतर ऑपरेशन करू, हिंडता-फिरता येईल, जाड चष्म्याने वाचताही येईल, पण असलं बारीक काम पुन्हा होईल असं धरून चालू नका. त्या दिवसापासून ह्यांनी एकच धोशा लावला. संक्रांतीच्या आत पदर पुरा झाला पाहिजे.

आणि आता माझं. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं ह्यांचे टाके वाकडे पडत होते. ओळ सुरू व्हायची यशोदेच्या खांद्यावर आणि उतरायची भलतीकडेच. रविवारी हे टाचायचे आणि सोमवारी हे कचेरीत गेले की मी दार लावून बसायची, वाकडी ओळ उसवायची आणि सरळ करून ठेवायची. मग हे शेजाऱ्यांना नेमकी माझीच ओळ दाखवून म्हणायचे, "बघा, या वयातला हात बघा!" वर मला चित्राला हात लावायची बंदी. माझ्या हाताला म्हणे कणकेचा वास असतो. कितीदा जिभेवर आलं आणि कितीदा गिळलं. आपली नजर इतकी गेली आहे हे त्यांना त्या ओळींवरून कळावं, हे मला नको होतं. म्हणून गप्प राहिले, आणि मनातल्या मनात धुमसत राहिले.

अंबरनाथ

माझा धाकटा भाऊ वसंता अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरचा साहेब आहे. कार्तिकात आम्ही त्याच्याकडे पोचलो. बिचाऱ्याने आमच्यासाठी रजा टाकून ठेवली होती.

"ताई, उद्या तुम्हाला मुंबई दाखवतो. चौपाटी, म्युझियम, सगळं."

"मुंबई नको," हे म्हणाले. "उल्हासनगरला कसं जायचं ते सांगा."

वसंताने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"भावोजी, उल्हासनगरला बघण्यासारखं काही नाही हो."

"मला बघायचं नाही. मला टिकल्या घ्यायच्या आहेत."

वसंताची बायको सुमन स्वयंपाकघरात पळाली. ती हसत होती हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं.

वसंताचं क्वार्टर मोरिवली गावाच्या कडेला. पुढच्या दारातून कारखान्याची धुराडी दिसतात, मागच्या दारातून भाताची खळी. कारखान्याचा भोंगा झाला की पुढच्या रस्त्याने माणसांचा लोंढा सुरू होतो आणि त्याच वेळी मागे मोरिवलीच्या बायका डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन शांतपणे चाललेल्या असतात. सुमन चूलसुद्धा भोंग्यावर पेटवते आणि भोंग्यावर विझवते. मला पहिल्या दिवशी प्रत्येक भोंग्याला दचकायला झालं. साताऱ्यात आम्ही सावलीवर वेळ ओळखणारी माणसं.

जेवणात दोन्ही वेळा भात. इथला तांदूळ चवीला चांगला, पण आमचं पोट ज्वारीच्या भाकरीवर पोसलेलं. भाताने पोट भरतं आणि तासाभराने पुन्हा रिकामं होतं. मी हे सुमनला बोलले नाही, तर ह्यांनीच पंगतीत जाहीर केलं, "हिला भाकरी लागते." सुमनने बिचारीने शेजारून जोंधळ्याचं पीठ मागून आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र मी निघतानाच बजावली होती. सोमवारी अंबरनाथाच्या देवळात जायचं, सावकाश, घाई न करता. माझी आई त्या देवळाचं फार वर्णन करायची. हे "हो" म्हणाले होते. ह्यांचं "हो" कसं असतं ते पुढे येईलच.

उल्हासनगर, कँप एक

रविवारी आम्ही कँपात गेलो. लढाईच्या वेळी सैन्यासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे टांगून, फळ्या ठोकून किती संसार बसवले आहेत याला गणती नाही. पुढे दुकान, मागे चूल. बाजेवर पापड वाळत घातलेले, बाजेखाली माणूस झोपलेला. फाळणीला पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्याकडे एखाद्याची म्हैस गेली तर तो वर्षभर कपाळाला हात लावून बसतो. इथे घरदार, शेती, गाव सगळं टाकून आलेली माणसं, आणि सकाळी आठ वाजता जो तो काहीतरी विकत होता. पापड, पेनं, बनियन, बिस्किटं, लोणचं. आरडाओरडा एवढा की स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. मला दमायला झालं आणि कौतुकही वाटलं.

ह्यांना यातलं काही दिसत नव्हतं. खिशात कागदाच्या पुडीत एक जुनी टिकली घेऊन हे दुकानामागून दुकान पालथं घालत होते. मी मागून पिशवी घेऊन. माझी चप्पल तुटली ती कितव्या दुकानापाशी ते आता आठवत नाही. तुटकी चप्पल हातात घेऊन पुढची सगळी दुकानं मी अनवाणी केली, आणि ह्यांना ते संध्याकाळी कळलं.

शेवटी एका गोटा-किनारीच्या दुकानात एक गोरापान, पोट सुटलेला दुकानदार भेटला. त्याने बरणीतून मूठभर टिकल्या काढून ह्यांच्या तळव्यावर ओतल्या.

"ये लो साहेब, एकदम नवा माल. प्लॅस्टिक! पानी में डालो, रंग नहीं जाणार."

ह्यांनी एक टिकली चिमटीत धरली, डोळ्यांजवळ नेली आणि झुरळ असल्यासारखी खाली ठेवली. "ये नहीं. पितळ का चाहिए. खोलगट."

"अरे साईं, भगवान को पहनाना है ना? चमकता है की नहीं? भगवान को क्या मालूम?"

"भगवान को नहीं मालूम होगा. मेरे को मालूम है."

दुकानदार आधी त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग इतका मोठ्याने हसला की शेजारचे दोघे डोकावले. "चलो," तो म्हणाला, "तुमच्यासारखी एक अम्मा आमच्या बराकीत आहे. सारा दिन आमचं डोकं खाते. तुम्ही दोघं एकमेकांचं खा." आणि गल्ला भावावर सोपवून तो स्वतः आम्हाला घेऊन निघाला.

ती ईश्वरीबाई. साठीची, उंच, हाडं दिसणारी, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. बराकीच्या टोकाला खिडकीपाशी बसून ती दुकानांसाठी ओढण्यांना गोटा लावून देते. दुकानदाराने तिच्याशी सिंधीत काहीतरी बोलून पळ काढला. तिने आम्हाला चटईवर बसवलं आणि सगळ्यात आधी काय आणलं, तर भाजलेला पापड आणि पाणी.

आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात. पापड म्हणजे जेवणाचं पान. मला वाटलं, बाईने पानं मांडायला घेतली. सकाळचे अकरा वाजलेले, ओळख ना देख, कसं जेवायचं? मी कोपराने ह्यांना ढोसलं. हे म्हणाले, "नहीं नहीं, हम खाना खा के आया." ईश्वरीबाई म्हणाली, "खाना किसने दिया? पापड है." त्यांच्यात दारी आलेल्याला पापड-पाणी हेच पहिलं आदरातिथ्य असतं, हे मला वसंताने नंतर सांगितलं. तेव्हा मात्र मी शरमेने तो पापड आवाज न करता खायचा प्रयत्न करत होते. पापड आवाज न करता खाता येत नाही.

ह्यांनी पुडी सोडून टिकली दाखवली. ईश्वरीबाईने ती दिव्याशी धरावी तशी उघड्या खिडकीशी धरली आणि उठून पत्र्याची पेटी उघडली. तळातून एक ओढणी काढली. कसरीने खाल्लेली, जागोजागी विरलेली. पण तिच्या काठाला त्याच मोरपंखी, खोलगट टिकल्या होत्या. ह्यांनी चष्मा पुसला आणि टक लावून पाहिलं. नऊ वर्षांत मी त्यांना असं तोंड करून कोणाकडे बघताना पाहिलं नव्हतं, माझ्याकडे तर नाहीच.

"अम्मा, देंगे? जो बोलेंगे वो देगा."

"कपड़ा तो गल गया," ती म्हणाली. "टिकली मेरे किस काम की? पैसा नहीं चाहिए. लेकिन पहले काम दिखाओ. अनाड़ी के हाथ में नहीं दूँगी. कल लेके आओ."

चित्र हे साताऱ्याहून बरोबर घेऊनच आले होते, आनंदाने उभेच राहिले. मी मात्र चटईवर बसूनच राहिले. आळीतल्या बायका चित्र लांबून बघतात आणि "अय्या" म्हणतात. ही बाई सुईवर जगलेली. तिने चित्र हातात घेतलं तर काय काय दिसेल?

अंबरनाथचं देऊळ

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. ओढ्याच्या काठी काळ्या दगडाचं, खोलात बसल्यासारखं देऊळ. बाहेरून बोटभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. हत्ती, नर्तकी, वेलबुट्ट्या, देव. आमच्या गावाकडची देवळं साधी, दगडावर दगड रचलेली. इथे मान वर करून बघता बघता माझ्या डोक्यावरच्या पदराची पिनसुद्धा सुटली. आत काळोख आणि गार. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात खाली जावं लागतं, आणि खाली पिंडीपाशी उभं राहिलं की वरचा सगळा आवाज थांबतो. दोन दिवसांत पहिल्यांदा मला शांत वाटलं.

मी डोळे मिटून हात जोडले. माणूस देवाकडे काय मागतं? मुलांचं सुख, नवऱ्याचे डोळे. मी मागितलं, "देवा, आज ईश्वरीबाई घरी नसू दे."

बाहेर आले तर हे बगलेत चित्र घेऊन एका कोरलेल्या बाईला चाचपत होते. दिसत नव्हतं म्हणून बोटांनी तिचा कमरपट्टा मोजत होते.

"एकही मणी चुकलेला नाही," हे मला सांगू लागले. "दगडात! आणि दगड उसवता येत नाही."

"ओ काका!" पुजारी लांबून ओरडला. "बाईला हात लावू नका हो!"

देवळातले सगळे वळून बघायला लागले. हे शांतपणे म्हणाले, "चला, झालं ना दर्शन?" सावकाश बघायचं ठरलेलं देऊळ अर्ध्या तासात संपलं. मी डोकं दुखतं म्हणाले, तर हे म्हणाले, ईश्वरीबाईकडे पाणी पी, बरं वाटेल.

पुन्हा कँप एक

चित्र धोतरात गुंडाळलेलं होतं. कँपातली माणसं भाविक. गुंडाळीच्या टोकातून चौकट दिसली की म्हाताऱ्या बाया थांबून हात जोडायच्या आणि हे प्रत्येकीसाठी थांबून चित्र पुढे करायचे. मी लांबूनच चालत होते. ईश्वरीबाई अर्थातच घरी होती.

पापड आला, पाणी आलं. तिने चौकट सोडवायला लावली, चित्र मांडीवर घेतलं, खिडकीच्या उजेडाशी तिरकं धरलं. यशोदेचा शालू झळाळला. "वाह," ती म्हणाली, आणि मला जरा जीवात जीव आल्यासारखं वाटलं. आणि मग तिने चित्र उलटं केलं.

उलट्या बाजूचा मी दोन वर्षांत कधी विचारच केला नव्हता. समोरून माझा टाका ह्यांच्या टाक्याशी बेमालूम मिळेल एवढंच मी बघत आले. मागे मांजरपाट, त्यामागे फळी, कोण बघणार? ईश्वरीबाईने अंगठा मागून फिरवला. एकदा, दोनदा.

"ये दो हाथ का काम है," ती म्हणाली.

"नहीं अम्मा," हे हसले. "हमने अकेले ने किया."

"ये देखो. यहाँ हर टाँके पे गाँठ. मोटी गाँठ. और यहाँ से गाँठ ही नहीं, उलटा टाँका मार के धागा छुपाया है. ये औरत का हाथ है."

"आप को गलत लगता है. नऊ साल हमने..."

तिने चष्म्यावरून ह्यांच्याकडे रोखून पाहिलं. "साईं, बुढ़ापे में झूठ क्यों बोलते हो? दूसरे का काम अपना बताते हो?" आणि ती ओढणी उचलून पेटीकडे वळली.

ह्यांचं तोंड उतरलं. आयुष्यात कचेरीतला कागदसुद्धा घरी न आणणारा माणूस, त्याला ती परकी बाई खोटारडा म्हणाली. हे समोरच्या मांजरपाटाकडे नुसते बघत राहिले, जणू तिथे काही दिसणार होतं. मला ते बघवेना. दोन वर्षं सांभाळलेलं सगळं मी माझ्याच तोंडाने सांडलं.

"ते खोटं बोलत नाहीत," मी मराठीतच म्हणाले. हिंदी मला कुठली सुचायला! "उन को मालूम नहीं. मी केलं. त्यांना दिसत नाही म्हणून मी उसवून पुन्हा केलं. चोरून. उन को कुछ मालूम नहीं."

ईश्वरीबाई थांबली. माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग खाली बसून तिने कात्री घेतली आणि ओढणीच्या काठाच्या टिकल्या एकेक सोडवायला लागली.  सगळ्या टिकल्या कागदात बांधून तिने पुडी माझ्या हातात ठेवली, माझी मूठ मिटवली आणि म्हणाली, "अदी, जिसका टाँका सीधा, उसकी टिकली." अदी म्हणजे त्यांच्यात ताई.

तिने चांगल्या मनानेच दिली. पण त्या क्षणी ती पुडी मला जड झाली. परतीच्या वाटेवर हे रस्त्यात हात जोडणाऱ्या बायांसाठीही थांबले नाहीत.

चामटोली

वसंताच्या स्टोअरमध्ये धर्मा नावाचा एक कामगार आहे. चामटोलीचा. रोज घरून बदलापूर स्टेशनपर्यंत चालतो आणि गाडीने अंबरनाथला येतो. त्याने आम्हाला नव्या तांदळाची भाकरी खायला बोलावलं होतं. मला वाटलं, मोकळ्या हवेत ह्यांचा राग उतरेल. चित्र क्वार्टरवर ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही. बगलेत घेऊन चालायला लागले.

बदलापूरहून चामटोलीची वाट फार सुंदर आहे. भात कापून झालेली शेतं, बांधावर गवत, पलीकडे डोंगर निळे. वाटेत हेदाच्या झाडाखाली आदिवासी बाया मोळ्या उतरवून बसल्या होत्या. एरवी ह्यांनी प्रत्येकीच्या गळ्यातल्या मण्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी मान खाली घालून पुढे गेले.

धर्माच्या घरी मऊ, पांढरीशुभ्र भाकरी, वालाची उसळ आणि मिरचीचा ठेचा. तांदळाची असून ती भाकरी माझ्या पोटाला मानवली. धर्माची आई वाढत होती, धर्मा वसंताच्या चांगुलपणाबद्दल बोलत होता, आणि हे मुकाट जेवत होते. जेवण झाल्यावर धर्मा विहिरीवर गेला, मी आत म्हातारीला भांडी आवरायला मदत केली, आणि बाहेर आले तर हे ओट्यावर चित्र पालथं घालून बसलेले. डाव्या हाताचा अंगठा मांजरपाटावरून फिरत होता आणि उजव्या हातात पातं होतं. गाठ लागली नाही की तिथे पातं घालायचे. टिकल्या शेणाने सारवलेल्या ओट्यावर पडत होत्या.

"अहो, काय करताय हे?"

"माझं मला परत घेतोय."

"वेड लागलंय का? सोडा ते!"

"दोन वर्षं," हे म्हणाले. वर पाहिलं नाही. "दोन वर्षं मी लोकांना तुझी ओळ दाखवत राहिलो. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय वाटतंय?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. दोन वर्षांच्या सगळ्या सोमवारच्या दुपारी मी त्या पदरावर वाकून काढल्या होत्या. झोपता आलं असतं. शेजारी जाता आलं असतं.

"उसवा," मी म्हणाले. "सगळं उसवा. तुमची वाकडी ओळ तुम्हाला लखलाभ. मी काही तुमचं चित्र चोरत नव्हते. तुमचं हसं होऊ नये म्हणून करत होते. कणकेच्या वासाच्या हातांनी!"

पातं थांबलं. धर्माची आई दारात येऊन उभी होती. ती ओट्यावर बसली आणि पडलेल्या टिकल्या एकेक वेचायला लागली.

"चांगलां शिवलेलां कशाला उसवताव?" ती ह्यांना म्हणाली. "माजी नदर गेली. भातातला खडा दिसत नाय. सून निवडते, मना सांगत नाय, मी पन इचारत नाय. भात खातांव गप."

ह्यांनी पातं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला विचारलेलं बरं वाटलं असतं." ते म्हातारीला म्हणाले, पण ऐकायचं मला होतं. मी म्हणाले, "चुकलं माझं." खरंच चुकलं होतं. एवढी वर्षं संसार करून एका माणसाला एवढी साधी गोष्ट विचारली नाही.

"हे केलंस ते राहू दे," हे शेवटी म्हणाले. "उरलेला पदर मात्र मी करणार. वाकडा झाला तरी चालेल. तू हात लावायचा नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला आणि पुडी त्यांच्या हातात ठेवली. म्हातारीने वेचलेल्या टिकल्या त्यांच्या उपरण्याच्या टोकात बांधून दिल्या. परत येताना हे हेदाच्या झाडाखाली थांबले आणि मोळीवाल्या बायकांना मण्यांबद्दल एवढं विचारत बसले की आमची गाडी चुकली.

सातारा

संक्रांतीच्या दोन दिवस आधी पदर पुरा झाला. ह्यांच्या सुईत दोरा मी ओवून द्यायची आणि बाजूला बसायची. ओळ कुठे निघाली आहे ते मला दिसत होतं. खांद्यावरून निघालेली ओळ कमरेकडे जायच्या ऐवजी कृष्णाच्या डोक्यावर चालली होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सोमवारी दुपारी घरी बसवेना, म्हणून देवळात कीर्तन ऐकायला जायला लागले. बोलून दाखवलं नाही हे माझं मलाच नवल.

मिरजेला ऑपरेशन झालं, पट्ट्या निघाल्या, दोन महिन्यांनी बशीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. घरी येऊन चहासुद्धा न घेता हे चित्रासमोर उभे राहिले. मी चहा घेऊन मागे. हे कितीतरी वेळ बघत होते.

"हे," पदराकडे बोट करून म्हणाले, "हे मी केलं?"

"तुम्हीच."

"इतकं वाकडं?"

"इतकं."

"आणि तू नुसती बघत बसलीस?"

"शब्द दिला होता."

हे वळले. त्या चष्म्यातून त्यांचे डोळे केवढे मोठे दिसत होते. "बरं, मग आता उसव आणि नीट कर. माझ्याच्याने आता ते व्हायचं नाही. मी सांगतोय ना, परवानगी आहे."

"नाही," मी म्हणाले.

तेव्हापासून रोज मागे लागले आहेत. सकाळी एकदा, कचेरीतून आल्यावर एकदा. पाहुणे आले की आता पडदा हेच ओढतात आणि तो मी उघडते. त्या चित्रात सरळ ओळी पुष्कळ आहेत, त्यातल्या कितीतरी माझ्याच आहेत, आणि त्यांच्याकडे मी कधी वळूनही बघत नाही. पण न दिसणाऱ्या डोळ्यांनी, कोणाची मदत न घेता, दोन महिने खिडकीत बसून टाचलेला तो वीतभर वाकडा पदर मला फार आवडतो. तो मी कोणालाही उसवू देणार नाही, ह्यांनासुद्धा नाही.